पासपोर्टाला इंग्रजी येतं

माझ्या ताईला कोरियात इंग्रजी शिकवायची नोकरी लागलेली आणि ती जाऊ शकली नाही, कारण तिचा पासपोर्ट भारताचा होता. एवढंच कारण. इंग्रजी कमी पडलं नाही, डिग्री कमी पडली नाही, वय, तब्येत, अनुभव, कशातच खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे कोणावर अन्याय झाला की पहिल्यांदा त्याचंच काय चुकलं ते शोधतात. इथे शोधू नका, वेळ वाया जाईल.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत आई, ताई आणि मी. वडील गेल्यापासून घर ताईवर होतं. ती एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायची. मुलं आधी इंग्रजीला घाबरायची, मग तिला घाबरायची आणि दिवाळीपर्यंत कोणालाच घाबरेनाशी व्हायची. लग्नाचं वय निघून गेलंय असं नातेवाईक तिच्यासमोरच बोलायचे, जणू ती खोलीत नाहीच.

कोरियाच्या नोकरीची जाहिरात तिने पेपरात पाहिली आणि पहिल्यांदा मला सांगितली, आईला नाही.

"एक वर्षच," ती म्हणाली. "शाळेत बाई, घरात ताई, नातेवाइकांत 'हिचं काय करायचं'. एक वर्ष यातलं काहीच नको. शिकवीन तिथेही, पण संध्याकाळी खोलीचं दार लावलं की मी माझी."

"आणि आई?"

"आईजवळ तू आहेस ना. तुझे मोर्चे संध्याकाळी सातपर्यंत संपव म्हणजे झालं."

एजंटचं ऑफिस ठाण्याच्या नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्याचा मूळ धंदा आखातात वेल्डर आणि फिटर पाठवायचा. शिक्षक पाठवायची ही त्याची पहिलीच वेळ. कोरियातल्या शिकवणी-संस्थेचा संचालक मुंबईत आलेला. त्याने एका हॉटेलात बाकीच्या उमेदवारांना विद्यार्थी म्हणून बसवलं आणि प्रत्येकाला धडा घ्यायला लावला. ताईने धडा घेतला आणि संचालकाने तिथल्या तिथे सांगितलं, या बाई मला हव्यात. आमच्या घरी शिरा झाला. आईने एक दिवस अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींना कोरिया कुठे आहे ते सांगत सुटली. तिने तो जपानच्या पलीकडे ढकलला होता, पण अभिमान जागच्या जागी होता.

मग एजंटचा निरोप आला, भेटून जा. मीही ताईबरोबर गेलेले.

"मॅडम, तुमचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे हो," एजंट म्हणाला. "प्रॉब्लेम नॅशनॅलिटीचा आहे. इंग्लिश शिकवायच्या व्हिसाला इंग्लिश मातृभाषावाला देश लागतो. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, असे ठरलेले आहेत. इंडिया त्यात नाही."

"हे आधी नाही कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी वेल्डर पाठवतो. वेल्डिंगला मातृभाषा लागत नाही."

ताईला हसू आलं. मला नाही आलं, आजही येत नाही.

"पण संचालकांनी मला ऐकून घेतलंय," ताई म्हणाली. "त्यांनी सांगितलं तर?"

"त्यांनी सांगून बघितलं. व्हिसावाले ऐकत नाहीत, बघतात. पासपोर्ट बघतात."

त्या माणसावर मी तेव्हा भडकलेले, पण नियम त्याने सोप्या शब्दांत सांगितला होता. ऐकत नाहीत, बघतात. तिथल्या मुलांच्या कानावर चांगलं इंग्रजी पडावं म्हणून हा नियम, असं म्हणतात. मान्य. मग कान लावा. परीक्षा घ्या, तोंडी घ्या, लेखी घ्या, उलटं टांगून घ्या. ताईची तर घेतलेली आणि ती पास झालेली. पण नियमाला माणूस ऐकायचाच नाही, त्याला माणूस कुठे जन्मला ते हवंय. इंग्रजांनी आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांना हीच भाषा छडी मारून शिकवली, तेव्हा तुमची मातृभाषा कोणती असं कोणी विचारलं नव्हतं. त्या भाषेतले कायदे आम्ही पाळायचे, हुकूम ऐकायचे, अर्ज लिहायचे. शिकवायची पाळी आली की म्हणे ती तुमची नाही. आणि हा नियम करणारा देशही गोऱ्यांचा नाही, आशियातलाच. जपानी राजवटीत त्यांच्यावरही दुसऱ्याची भाषा लादली गेली होती. त्यांना कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका युवक संघटनेत होते. टेंभी नाक्याजवळ एका खोलीत आमचं कार्यालय, पत्रकं छापायचं एक सायक्लोस्टाइल मशीन, दोन बाकडी आणि चहाचा कायमचा वास. लिहायला मी तिथेच शिकले. पाण्याचा नळ, रेशनचं रॉकेल, गिरणी कामगारांची घरं, सगळ्यावर पत्रकं लिहिली. संघटनेची एक शिस्त होती, पत्रकाखाली पत्ता हवाच. बिनपत्त्याचं पत्रक भेकडाचं, असं आमचे अध्यक्ष म्हणायचे. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. शेवटची ओळ ठरलेली असायची: अधिक माहितीसाठी संपर्क, आणि खाली पत्ता.

मी ताईचा विषय बैठकीत मांडला. भाऊंनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आपण आता इंग्रजीच्या बाजूने पत्रक काढायचं?"

"इंग्रजीच्या नाही, भाऊ. भेदभावाच्या विरुद्ध."

"अगं, तुझ्या बहिणीला परदेशात जायला मिळालं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण हा काय जनतेचा प्रश्न आहे? गिरण्या बंद पडल्यात आणि आपण विमानाच्या तिकिटावर लढायचं?"

"ती गिरणी कामगाराचीच मुलगी आहे," मी म्हटलं. "जनता विमानात बसली की जनता राहत नाही का?"

एक-दोघं हसले. ठराव बारगळला. म्हणून ते पत्रक मी संघटनेच्या नावाशिवाय काढलं, मशीन मात्र संघटनेचंच वापरलं. ताईने एवढंच बजावलं, माझं नाव घालू नकोस. मी 'एक शिक्षिका' असं लिहिलं. मथळा ठसठशीत: इंग्रजी शिकवण्याचा हक्क कोणाचा? खाली दोन बाजू भरून मजकूर. आणि शिस्तीप्रमाणे शेवटी, अधिक माहितीसाठी संपर्क, आमच्या घरचा पत्ता.

जून महिना होता. आधी ठाण्याला वाटलं, मग डोंबिवलीला पुलाखाली. लोक हात पुढे करून मागून घेत होते. एवढा प्रतिसाद मला रॉकेललाही मिळाला नव्हता. मी खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. एक बाई, बरोबर चष्म्याची मुलगी.

"दहावीची बॅच कधीपासून?"

"कसली बॅच?"

त्यांनी पत्रक पुढे केलं. "हे तुमचंच ना? इंग्रजी शिकवण्याचं?"

"अहो, हे क्लासचं पत्रक नाहीये. हा निषेध आहे."

"मग पत्ता कशाला दिलाय?"

जूनमध्ये डोंबिवली स्टेशनबाहेर जो कागद हातात पडतो तो क्लासचाच असतो. मथळ्यात इंग्रजी, तळाला पत्ता, मधलं कोण वाचतो? त्या आठवड्यात पालक येतच राहिले. एका काकांनी तर मला सल्ला दिला, "मजकूर फार झालाय. त्यापेक्षा मागच्या वर्षीचा निकाल टाका." आई सगळ्यांना पाणी देत होती. ताई सुरुवातीला हसत, मग अवघडून, आणि शेवटी थकून म्हणाली, "बरं, शनिवार-रविवार पाठवा मुलीला." मी चिडून आत गेले. माझ्या पत्रकाचा क्लास झाला होता.

आणि त्यातच ती आली. ठाण्याहून आलेली, माझ्याच वयाची, पंजाबी ड्रेस, हातात तेच पत्रक. कॉमर्सची पदवीधर होती. घाबरत घाबरत म्हणाली, "मोठ्या माणसांनाही शिकवता का? मला इंग्लिश बोलायचं आहे. जरा लवकर हवंय."

"घाई कसली?" ताईने विचारलं.

"मला परदेशात नोकरी लागतेय. शिकवायची." ती ओशाळून हसली. "इंग्लिश शिकवायची. आणि मला तर बोलताना घाम फुटतो. मी मराठी मीडियमची."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मीच विचारलं, "कुठे?"

"कोरियाला. नौपाड्यातल्या एजंटकडून. माझा जन्म इंग्लंडचा आहे ना, लीड्सचा. बाबा तिथे डॉक्टर होते. मी तीन वर्षांची असताना आम्ही ठाण्याला आलो, पण पासपोर्ट तिथलाच राहिला. एजंट म्हणाला, कोरियाच्या एका जागेवर आधी कोणीतरी ठरलेलं, ते रद्द झालं, त्यांना लगेच माणूस हवाय."

मी तिच्या हातातलं पत्रक घेतलं आणि तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ताई म्हणाली, पुरे. मी थांबले नाही. 'एक शिक्षिका' आलं तिथे मी ताईकडे बोट केलं.

त्या मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे तुमच्या जागी मी?"

"हो," मी म्हटलं. "आणि तुला जर काही वाटत असेल, तर नाही म्हणून सांग त्यांना. कारण लिहून सांग. तू नाही म्हटलंस तर त्या नियमाचं हसं होईल."

तिने माझ्या हातातून पत्रक परत घेतलं. मग म्हणाली, "मी नाही म्हटलं तर मॅडमना व्हिसा मिळेल?"

"नाही मिळणार," ताई म्हणाली.

"मग ते तिसऱ्या कोणालातरी घेतील."

"घेतील."

"मी तीन वर्षांची होते हो," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मला तिथलं काहीच आठवत नाही. मी काही मागितलं नव्हतं."

मला तिचा राग आला आणि तो चुकीच्या माणसावर होता हे तेव्हाच कळत होतं. पण बरोबर माणूस कुठे सापडतो? तो कुठल्यातरी खिडकीच्या आतल्या खिडकीत बसलेला असतो, त्याला नाव नसतं, आणि डोंबिवलीच्या पुलाखाली तो पत्रक घ्यायला येत नाही.

ताई तिला म्हणाली, "उद्यापासून ये. माझी शाळा सुटल्यावर."

त्या रात्री आम्ही भांडलो. "तू तिला तयार करून पाठवणार? तुझ्याच खुर्चीत बसवायला?"

"तिकडे मुलं बसलेली असतील ना समोर," ताई म्हणाली. "त्यांनी काय केलंय?"

"तू फार चांगली आहेस, हाच तुझा प्रॉब्लेम आहे."

"आणि तुला प्रत्येक माणूस मुद्दा वाटतो. झोप आता."

ती मुलगी रोज यायची. ताईने तिला धडा कसा उभा करायचा, फळा कसा वापरायचा, गप्प मुलाला कसं बोलतं करायचं, सगळं दिलं. त्या संचालकासमोर घेतलेला धडाही दिला, शब्दन् शब्द. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मुलगी हुशार होती, शिकत होती, आणि दिवसागणिक ताईसारखी बोलायला लागली होती. तिकडे तिला ऐकून ते म्हणणार होते, बघा, जन्मानेच येतं. तिचा व्हिसा कसलीही खळखळ न होता आला. तिला कोणी एक वाक्यसुद्धा बोलायला लावलं नाही.

निघायच्या आधी ती पेढे घेऊन आली, आईच्या आणि ताईच्या पाया पडली, माझ्याशी हात मिळवायचा की नाही ते तिला कळेना. मी पेढा घेतला. ती गेल्यावर आई पेढ्यांचा डबा आवरत म्हणाली, "जे झालं ते बरंच झालं म्हणायचं. घर सोडून कुठे एवढ्या लांब? इथे चांगला क्लास लागलाय, मुली येतायत. देवाने बघितलं."

मी तोंड उघडणार होते, माझ्याकडे अख्खं पत्रक तयार होतं. पण माझ्याआधी ताई बोलली. एवढ्या दिवसांत ती या विषयावर आईशी पहिल्यांदाच बोलत होती, आणि आवाज तिचा वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"बरं नाही झालं, आई. मला जायचं होतं."

आई डबा हातात धरून उभी राहिली. "अगं, पण..."

"पण नाही. मला जायचं होतं आणि मला जाऊ दिलं नाही. या घरात कोणीही त्याला बरं झालं म्हणायचं नाही."

मग ती चप्पल घालून बाहेर गेली. कुठे चाललीस, असं आम्ही दोघींनीही विचारलं नाही.