घरकाम, असं मी लिहिलं

"साहेब, तुमची माय बी लिवा ना. आमच्याच वावरात कापूस वेचून राह्यली!"

पाटील म्हणाला आणि ओसरीवरचे सगळे हसले. ते सतरंजीवर होते. मी खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. धम्मदीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी पाटलाच्या ओसरीवर माझी जागा तीच.

शेतमजुरांची सरकारी पाहणी चालली होती. तिच्यावरून मजुरीचे दर ठरायचे होते. मी मॅट्रिक झालेला, हंगामी कारकून. अंजनगावकडचं माझंच गाव माझ्या वाट्याला आलं.

मी आईचं नाव लिहिलं. पुढचा रकाना धंद्याचा. त्यात लिहिलं, 'घरकाम'.

लाज त्या जमिनीवर बसण्याची वाटायला हवी होती. मला लाज आईची वाटली.

मग पुढं सोपं झालं. घराघरांतले पुरुष सांगत होते, "बाईचं काय लिवता? घरीच असते." बाई त्या वेळी वावरात असायची, कमरेला कापसाची ओटी बांधून. मी एकीलाही विचारलं नाही. सगळ्यांपुढे घरकाम.

दिवस मावळता आई आली. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली.

"माया नावापुढं काय लिवलं रे?"

"घरकाम."

"मंग कापूस कोनं वेचला?"

"माय, तुले नाई समजत. सरकारी कागद आहे."

ती चूल पेटवायला वळली. याच बोटांच्या वेचणीवर मी मॅट्रिक झालो होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच माझा गुन्हा मोठा आहे.

काही महिन्यांनी अकोल्याच्या कचेरीत बैठक झाली. मोठ्या साहेबांनी निष्कर्ष वाचला. बाया मुळात कमावत्या नाहीत. घरकामातून वेळ उरला तर शेतात जातात. म्हणून त्यांना पुरुषापेक्षा कमी दर योग्य आहे. पुरावा म्हणून माझ्या गावाचे तक्ते पुढे होते. खाली माझी सही हवी होती.

मी उभा राहिलो. "साहेब, हे खोटं आहे. मीच खोटं भरलं. यात माझी आई आहे."

"मग आईला आणायचं होतं बैठकीला," साहेब म्हणाले. कचेरी हसली. "सही करा."

"नाही करत."

"नोकरी नको का?"

"खोट्यावर नको."

नोकरी गेली. अहवाल माझ्या सहीशिवाय पुढे गेला. कुणाचं काही अडलं नाही. बायांचा दर कमीच राहिला. आई तशीच वेचत राहिली आणि तशीच गेली. सरकारच्या कागदावर तिनं आयुष्यात काहीच काम केलं नाही. ते मी लिहिलं, माझ्या हातानं.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही, आणि मला माफी नकोही आहे. मी स्वतःहून गावोगाव जातो. वावरात जातो, पाटलाच्या ओसरीवर नाही. बाईचं काम बाईलाच विचारतो, तिच्यासमोर लिहितो, तिला वाचून दाखवतो. कचेऱ्या हे कागद परत पाठवतात. मी पुन्हा नेऊन देतो. दारातून हाकलतील, तरी नेऊन देईन.