ओल्या चुन्यावरचा भंडारा

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, मला समुद्र बघायचाय. आमच्या चिंताकी गावच्या तळ्यापलीकडं पाणी न बघितलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला एकाएकी समुद्राची हौस कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. माझा थोरला भाऊ औरादला मास्तर. त्याच्या शाळेतले चार मास्तर बायकापोरं घेऊन निघाले होते, त्यांच्यात मी चार मेंढरं विकून घुसले. खरं कारण माझं मलाच ठाऊक. माझा एकुलता एक पोरगा दोन वर्षांपूर्वी घरातून गेला होता, त्याची ना चिठ्ठी ना फोन. मजूर नेणाऱ्या मिस्त्रीच्या टोळीतून परत आलेला एक गडी म्हणाला होता, तो काळ्या पाण्यावर हाय, तिथला जुना तुरुंग दुरुस्त करायलेत, चुन्याच्या कामावर हाय.

बेट म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या तळ्याच्या मधोमध एक उंचवटा आहे, त्यावर मरीआईचा ओटा. या काठावरून हाक मारली की तिथली शेळीसुद्धा मान वर करते. अंदमान त्याहून जरा थोरलं असेल, एवढाच काय तो फरक. उतरल्या उतरल्या दोन हाका मारायच्या, पोरगं येईल, घेऊन निघायचं, असा त्या शहाण्या बाईचा बेत होता. बोटीत तीन दिवस ओकून ओकून पोटात काही उरलं नाही, बेत तेवढा शाबूत राहिला. बोट धक्क्याला लागली आणि समोर डोंगर, बाजार, गाड्या, माणसंच माणसं. हाकेसाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. भाऊ म्हणाला, आणखी उलटी येतीय का?

तो गेला कामून, तेही सांगते. या वयात लपवून काय मिळणार? त्या वर्षांत आमच्याकडची पोरं भराभर बाहेर पडत होती. हैदराबाद, पुणे, कुठं कुठं. मिस्त्रीची लॉरी यायची, दहा-बारा जण चढून जायचे. माझाही निघाला. मी त्याला कडब्याच्या खोलीत कोंडलं. खिडकीतून हात घातला की कडी हाताला लागायची, म्हणून कडीत बैलाची साखळी अडकवून ती पार भिंतीतल्या खुंटीपर्यंत ओढली आणि तिथं कुलूप घातलं. केवढी हुशारी! तीन दिवस खिडकीतून भाकर देत होते आणि मनात म्हणत होते, माझ्यासारखी माय पाहिजे, पोरगं हातचं जाऊ देत नाही. लॉरी गेल्यावर दार उघडलं. तो बाहेर आला. आंघोळ केली, जेवला, चार दिवस मेंढरं राखली. पाचव्या दिवशी मेंढरं एकटीच घरी आली.

तेव्हापासून मैलारच्या मल्लण्णाला, म्हणजे आमच्या खंडोबाला, बोलून ठेवलं होतं, पोरगं दिसू दे, लंगर तोडवीन. आमच्यात देवापुढं लोखंडाची साखळी हिसका देऊन तोडतात, तिला लंगर म्हणतात. आधी तिला भंडारा लावायचा, म्हणजे हळद, मग तोडायची. तो भंडारा मी घरापासून पदराच्या गाठीत बांधून आणला होता.

तुरुंग आता बघायची जागा झाला होता. तिकीट काढायचं, फोटो काढायचे, बाहेर नारळपाणी प्यायचं. आमची माणसं खोल्या मोजत होती आणि मी गवंडी शोधत होते. एका दारापाशी माहिती सांगणारा थांबला. बघा म्हणाला, कडी दारापासून लांब नेऊन भिंतीतल्या कोनाड्यात बसवलीय, कैद्यानं गजातून कितीही हात लांबवला तरी पोचायचा नाही. मास्तरणी म्हणाल्या, काय डोकं असेल मेल्यांचं. तुरुंग बांधणाऱ्यांना आणि मला एकच युक्ती सुचली होती, आणि मला तर शिकवायलाही कुणी नव्हतं.

त्यानं दार लोटून आम्हाला आत घेतलं. वर हातभर झरोका. मला कडब्याचा वास आला. तिथं कडबा कुठला? मी भिंतीला टेकले, तशी भावाच्या बायकोनं धरून बाहेर काढलं.

अंगणात कैद्याचा एक पुतळा होता, पायात खऱ्या बेड्या. मला पुढचं काही दिसलंच नाही. साखळी दिसली, गाठ सोडली, ओंजळभर भंडारा तिच्यावर टाकला, दोन्ही हातांनी चोळला आणि येळकोट म्हणाले. पहारेकरी धावत आला आणि हिंदीत तोडून बोलायला लागला. भाऊ त्याच्यापुढं हात जोडत होता आणि माझ्याकडं असं बघत होता की बाई आपली नव्हेच. तेवढ्यात शेजारच्या बांबूच्या परांचीवरून आवाज आला.

"अक्का, मैलारचा भंडारा हाय का ह्यो?"

मैलारजवळच्या खानापूरकडचा गडी होता. मी पोराचं नाव सांगितलं. तो खाली उतरला, हात लुंगीला पुसत राहिला.

"वर हाय तो. पण अक्का, घरचं कुणी न्हाई म्हणून सांगितलाय आम्हाला."

भाऊ खालीच थांबतो म्हणाला. मी त्याला ओढतच जिना चढले.

पोरगा कडीच्या कोनाड्याला चुना लावत होता. केसात, भुवयांत चुना. बावीस वर्षांचं पोरगं, आणि दिसत होता माझ्या सासऱ्यासारखा. तो दचकला नाही, थापीही खाली ठेवली नाही.

"कशी आलीस, माय?"

"बोटीनं," मी म्हणाले.

त्याला हसू आलं नाही. माझं तोंडच असलं. दोन वर्षं रोज रात्री काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आणि तोंडातून काय निघालं, तर जेवलास का. व्हय म्हणाला. घरला चल म्हणाले, तर काम चालू हाय म्हणाला. मग मी सांगितलं की त्या खोलीचं दार काढून जाळलं मी, आता खोली उघडीच असते. तो माझ्याकडं नाही, माझ्या मागं उभ्या असलेल्या मामाकडं बघत होता.

"गावात काय सांगितलीस, मी कामून गेलो म्हणून?"

एवढंच विचारलं. भाऊ ऐकत होता. दोनच शब्द होते, मी कोंडलं. त्या दोन शब्दांनी पोरगं परत मिळालं असतं का, ठाऊक नाही. पण तो त्यांचीच वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळलं. आणि त्या बयेनं, भावापुढं मान खाली जाऊ नये म्हणून, सांगितलं,

"मिस्त्रीनं फूस लावली म्हणून."

त्यानं मान हलवली, बाजारभाव ऐकल्यावर हलवतात तशी, आणि भिंतीकडं वळला.

मी पुढं सरकले. कोनाड्याशेजारी हात टेकला तर चुना ओला. हाताचा भंडारा त्यात उतरला आणि बघता बघता लाल झाला. घरोघरी बायकांना ठाऊक असतं, हळदीला चुना लागला की ती लाल होते. पांढऱ्या भिंतीवर पाच बोटांचा लाल पंजा. खाली आमच्या गाडीचा हॉर्न वाजत होता आणि भाऊ माझं मनगट धरून होता.

"सरक माय," पोरगा म्हणाला. "साहेब बघंल."

त्यानं थापी फिरवली. पंजा गेला, लाली राहिली. वरून दुसरा थर दिला, तरी आतून दिसतच होती. मग त्यानं घमेल्यात थापी बुडवली आणि तिसरा घेतला.