बाईंच्या दातांतली फट

कवळ्या घडवणाऱ्या त्या कार्यशाळेत फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात, आणि सगळे हसत असतात. त्यांच्याकडे पाठ करून वहिनी काम करतात. वहिनी म्हणजे मालकांच्या वहिनी. पण मालक तशी हाक मारतात म्हणून कारागीर, कुरिअरवाला आणि पंचक्रोशीतले दंतवैद्यही त्यांना वहिनीच म्हणतात. इतके दीर एकटीने सांभाळणारी बाई दुसरी नसेल.

वहिनींचं एक तत्त्व आहे. खोटा दात ओळखू येतो तो दोषामुळे नव्हे, दोष नसल्यामुळे. म्हणून प्रत्येक कवळीत त्या थोडंसं काहीतरी बिघडवून ठेवतात. एखादा सुळा किंचित वळवतात, एखाद्या दाढेवर चहाची आठवण ठेवतात. "निसर्गाला सरळ रेघ मारता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. "मग आपण कशाला आगाऊपणा करायचा?"

हे तत्त्व पुरतं कामाला लागलं ते बाईंच्या कवळीच्या वेळी. बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि 'स' म्हणताना तिच्यातून बारीक शीळ निघे. अर्धं गाव त्या शिळेला घाबरून शहाणं झालं. हिरड्यांच्या दुखण्याने दात काढावे लागले; पण काढण्यापूर्वी दंतवैद्याने तोंडाचं स्कॅन करून कार्यशाळेला मेलने पाठवलं होतं. बाईंची अट एकच होती, "मला माझेच दात हवेत. जाहिरातीतले नकोत."

मालकांनी, म्हणजे वहिनींच्या भावजींनी, ते स्कॅन उघडलं, फट पाहिली, मशीनची चूक समजून ती बुजवली आणि जुन्या फाइलवरच नवी जतन केली. निव्वळ सद्भावनेने. दंतवैद्याने मधल्या काळात मशीन बदललं होतं. त्याच्याकडे जुनं काही उरलं नव्हतं. खरे दात तर केव्हाच गेले होते. म्हणजे बाईंचं मूळ हसू आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं: कार्यशाळेच्या मेलबॉक्समध्ये, त्या पहिल्या मेलला चिकटलेलं.

ते उतरवून घ्यायला वहिनी बसल्या, तर सगळ्यात वर एक नवाच मेल. 'प्रिय ग्राहक, आपला मेलबॉक्स पूर्ण भरला आहे. आज संध्याकाळपर्यंत खालील बटण दाबून पासवर्डची पुष्टी न केल्यास सर्व संदेश कायमचे पुसले जातील.' खाली मेल कंपनीचं चिन्ह आणि गोंडस निळं बटण. शुद्धलेखनात खोट काढायला जागा नाही.

भावजी खांद्यावरून डोकावले. "दाबा की, वहिनी! बाईंचं हसू पुसलं गेलं तर त्या मला बाकावर उभं करतील."

"तुम्ही आत्ताही उभेच आहात. बसा आधी."

"अहो, संध्याकाळपर्यंतच मुदत आहे!"

"म्हणूनच म्हणते. आपल्याला विचार करू द्यायचा नसेल, तोच अशी घाई करतो. आणि 'प्रिय ग्राहक' बघा. बिल पाठवताना यांना कार्यशाळेचं नाव तोंडपाठ असतं. आज एकदम प्रिय झालो?"

"पण चिन्ह तर त्यांचंच आहे ना?"

"भावजी, आपण अख्खे दात हुबेहूब करून विकतो. चिन्ह काढायला कितीसं लागतं?"

वहिनींनी माउसचा बाण बटणावर नेला, पण दाबला नाही. नुसता टेकवून ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात बटणामागचा खरा पत्ता उमटला. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि मागे भलतंच शेपूट.

"हत्ती आहे हा," वहिनी म्हणाल्या. "दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे."

भावजींचा चेहरा फळीवरच्या प्लास्टरसारखा झाला. "वहिनी, समजा एखाद्याने मघाशीच हे बटण दाबलं असेल..."

"एखाद्याने?"

"मी. मोबाइलवर, चहा पिताना. पासवर्डही दिला. पुढे काहीच उमटलं नाही, म्हणून तुम्हाला दाबायला सांगत होतो." मग बचावासाठी, "पण मेल फार नीटनेटका होता हो!"

वहिनी रागावल्या नाहीत. रागावणं नंतरही करता येतं. आधी त्यांनी बाईंचं स्कॅन उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तो ॲप्रनच्या खिशात टाकला. मग कंपनीचा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करून त्या सेटिंगमध्ये शिरल्या. मेलबॉक्स निम्मासुद्धा भरलेला नव्हता. मात्र खातं कुठकुठल्या मशीनवर उघडलंय त्या यादीत कुठलं तरी अनोळखी मशीन येऊन बसलं होतं. वहिनींनी पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या मशीनना बाहेर काढलं, आपले मेल कुणी परस्पर दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते पाहिलं, आणि दरवेळी फोनवर आकडा मागणारं दुसरं कुलूप लावलं. यादीतला पाहुणा नाहीसा झाला.

"हाच पासवर्ड आणखी कुठे दिलाय, भावजी?"

"सगळीकडेच. लक्षात राहतो ना."

"चोरालाही राहील. चला, एकेक करून बदला. मी इथेच बसलेय."

पुढच्या आठवड्यात बाई आल्या. वहिनींनी कवळी बसवली आणि आरसा हातात दिला. बाईंनी ओठ फाकवून ती फट डोळे भरून पाहिली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या जुन्या विद्यार्थ्याकडे वळली, तिथे भावजी एका रिकाम्या जबड्याला उगाचच घासत बसले होते.

"ही फट कुणी बुजवली होती म्हणे?" बाई म्हणाल्या. "सगळं सविस्तर सांग."

शीळ शब्दाशब्दाला वाजली, अगदी पूर्वीसारखी. भावजी आपोआप उठून उभे राहिले.