शेवंतीचं मुसकं

गुडघ्याएवढ्या हिरव्या गवतात उभी राहून आत्या आपल्या घोडीच्या तोंडाला मुसकं बांधायची. शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला तिचा माळ होता. घोड्या तिथे रात्रंदिवस मोकळ्या चरत, पण शेवंतीच्या तोंडावर ही जाळीची पिशवी. बुडाला एकच भोक, त्यातून येतील तेवढीच पाती तोंडात जाणार. रस्त्याने जाणारी भाजीवाली थबकून म्हणायची, "काय गो बाय, येवऱ्या गवतान घोरीला उपास?"

"उपास नाही गं," आत्या हसायची. "जेवते, पण चमच्याने."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नौपाड्यात वाढलेली, लग्न न केलेली, बँकेतून निवृत्त झालेली. निवृत्तीनंतर तिने वरातीतून बाद झालेल्या दोन घोड्या आणल्या आणि आजोबांनी कधीकाळी घेतलेल्या या माळावर दोन खोल्या बांधून राहायला गेली. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

राणी हडकुळी, तिला घमेलंभर भिजवलेले हरभरे. शेवंतीला तसल्याच घमेल्यात मूठभर भुसा आणि डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पूड. "घमेलं मोठंच हवं, तिचा मान राखायला नको?" शेवंती रिकामं घमेलं चाटून आत्याकडे बघत राहायची. "माझ्याकडे काय बघतेस? आपली जातच अशी, बाई. वारा प्यायलं तरी अंगी लागतं." आत्या स्वतः चांगली गोलमटोल होती. शेवंतीसमोर मात्र तिने कधी लाडू खाल्ला नाही.

येणारेजाणारे गूळपोळी घेऊन कुंपणाशी उभे राहत. आत्या त्यांना हाकलायची. "पुण्य हवं तर देवळात जा. ही माझी पोर आहे, दानपेटी नाही." मलाही बजावायची, "विनू, हिची दया येऊ देऊ नकोस हं. जास्तीचा घास हिच्या खुरांत उतरतो. मग उभं राहणंही मुश्कील."

रोज सकाळी ती आयाळीखाली तळवा घालून शेवंतीची मान दाबून बघायची. मऊ लागली की थोपटायची. कडक लागली की चेहरा उतरायचा. "आत काहीतरी साठतंय हिच्या."

त्या भाद्रपदात मान कडक लागत होती, म्हणून मुसकं दिवसाही आणि रात्रीही. रविवारी मी गेलो, तर आत्या तापाने फणफणलेली. गोळी घेऊन ती झोपली. मी कुंपणाशी गेलो. शेवंतीने जाळीतलं तोंड माझ्या खांद्यावर घासलं.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी मुसकं सोडलं. खिशातला गूळ तिला दिला. जाताना बांधू म्हणून मुसकं दाराशेजारच्या खुंटीला अडकवलं, आणि गाडीच्या घाईत तसाच निघून आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मी पोहोचलो तेव्हा शेवंती पुढचे पाय ताणून, सगळं अंग मागे टाकून उभी होती. खुरं हाताला गरम लागत होती. आत्या बादल्या भरभरून त्यांवर गार पाणी ओतत होती.

"मुसकं खुंटीवरच होतं रे. भुसा देताना काढलं, ते मी परत घातलंच नाही. मला वाटलं, घातलंय."

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "ताप होता ना तुला, आत्या. होतं असं."

तिने ते खरं मानलं. शेवंती काही सावरली नाही. शेवटी डॉक्टरांनी सुई दिली, तेव्हा तिचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं. महिन्याभरात राणीला चांगल्या घरी देऊन आत्या आमच्याकडे नौपाड्याला आली.

आणि तिने स्वतःवरचा विश्वास सोडला. गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बघायची. "मी औषध घेतलं का रे?" डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती ठणठणीत आहे. तिला पटलं नाही. काही वर्षांनी माझ्या लेकीने आपलं बाळ तिच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं, तर हात मागे घेऊन म्हणाली, "नको गं. माझा भरवसा नाही. एकीला मारलंय मी."

मी तिथेच बसलो होतो. पेपर वाचत.

आत्या गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिचा हात डोक्यावरून घसरून मानेवर आला. जुन्या सवयीने तिने तळव्याने मान दाबून बघितली.

"किती कडक झालीय रे, विनू. काय साठवलंयस एवढं?"

"काही नाही, आत्या," मी म्हणालो. "ऑफिसचं."

तिने तेही खरं मानलं, आणि मला कितीतरी वेळ थोपटत राहिली.