रेग्युलेटरची पाठ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण गाडीच्या वायरिंगमध्ये मला कोणी शिकवलेलं चालत नाही, हे नारायण पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास वर्षं या एकाच दुकानात बसून मी गाड्यांची बिघडलेली वीज ठीक करतो आहे.

सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांची जुनी गाडी दुरुस्तीला माझ्याकडे असते. गाडी मुळात सहा व्होल्टची. आता तसली बॅटरी शोधायला निघालात तर चपला झिजतील, म्हणून मीच तिला बारा व्होल्टवर आणली. डायनॅमो, दिवे, हॉर्न, सगळं बदललं. पेट्रोलचा मीटर तेवढा जुना ठेवला, कारण तसा दुसरा मिळत नाही. त्याला सरळ बारा दिले तर तो जळणार. म्हणून मध्ये रेझिस्टन्सची तार टाकली. वरचे सहा ती खाते. आम्ही पूर्वीपासून असंच करत आलो.

एका बुधवारी मास्तर टेम्पोला बांधलेली गाडी घेऊन दुकानात आले ते घामाने निथळत. बायकोला घेऊन मेहुणीकडे हडपसरला निघाले होते. पुलावर गाडी बंद. पेट्रोल संपलेलं.

"मिस्त्री, तुमचा मीटर फार आशावादी आहे," मास्तर म्हणाले. "टाकी कोरडी, तरी हा पाव दाखवतो. पुलावर आमची ही काय काय बोलली ते सांगत नाही."

कारण मला कळलं. इंजिन जोरात फिरलं की बाराचे चौदा होतात. तार काही मोजून खात नाही, मग मीटरला जास्त मिळतं आणि काटा चढतो.

माझी मुलगी तेव्हा औषधं द्यायला आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "अप्पा, आता पुरे करा. लोक रस्त्यात अडकायला लागलेत."

गिऱ्हाइकासमोर म्हणाली. मला ते लागलं. मी बोलून गेलो, "रविवारपर्यंत हा मीटर खरं बोलला नाही, तर दुकान बंद. कायमचं."

मी दिलेला शब्द फिरवत नाही, हे मुलीला चांगलं माहीत आहे.

गुरुवारी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो आणि तीन पायांचा रेग्युलेटर आणला. नखाएवढी वस्तू. बाराचे चौदा होवोत, हा सहाच सोडतो. काउंटरवरच्या बाईंनी सोबत इंग्रजी छापलेला कागद दिला. "काका, समजावून सांगू का?"

"गरज नाही."

टेबलावर जोडला, बारीक स्क्रू फिरवून सहा व्होल्ट लावले. झकास. मग गाडीत नेला. तो तापतो, म्हणून त्याची पत्र्याची पाठ बॉडीवर बोल्टने घट्ट आवळली. चावी फिरवली. काटा मेलेला, आणि रेग्युलेटर असा तापला की बोट भाजलं. काढून टेबलावर आणला, तर पुन्हा सहा व्होल्ट. गाडीत शून्य. दुसरा आणून लावला, तेच. शुक्रवार असा गेला. शनिवारी सकाळी मी शटरकडे बघत बसलो होतो. खरं सांगायचं तर भीती वाटली. घरी बसून मी काय करणार? टीव्ही?

दुपारी पुन्हा काउंटरवर गेलो. "आमच्या ओळखीचा एक वायरमन आहे," मी म्हणालो. "टेबलावर चालतो म्हणे, गाडीत चालत नाही."

"त्याने पाठ कुठे टेकवली?"

"बॉडीला. सगळ्या गाडीची उणे तार बॉडीला, तेच अर्थिंग. पन्नास वर्षं आम्ही—"

"आम्ही?"

मी भाजलेलं बोट खिशात घातलं.

"काका, याची पाठ म्हणजे अर्थिंग नाही. याचा आउटपुट, म्हणजे बाहेर पडणारे सहा व्होल्ट, पाठीतूनच येतो. तुम्ही आउटपुट थेट बॉडीला जोडलात. जळला नाही हे त्याचे उपकार. बरं, आता तुमच्या त्या ओळखीच्या वायरमनला समजावून सांगू का?"

"सांगा," मी म्हणालो. "तो इथेच उभा आहे."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी सांगितलं, पाठ आणि बॉडीच्या मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालायचा, उष्णता जाते, वीज जात नाही. बोल्टलाही प्लास्टिकची टोपी घालायची, म्हणजे तो पाठीला शिवत नाही. अभ्रक मी कितीदा हाताळलंय! जुन्या इस्त्र्यांमध्ये तेच असायचं. म्हणजे मला सगळं माहीत होतं, फक्त विचारायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळी मास्तर सपत्नीक हजर. मुलगीही आली, हाताची घडी घालून उभी राहिली. रिकाम्या टाकीत मी कॅनमधून पेट्रोल ओतलं. काटा हळूच पावाजवळ आला. मग इंजिन चालू करून जोरात रेस दिली. पूर्वी इथेच काटा उडी मारायचा. मी डोळे काट्यावर रोवले. आणखी रेस दिली. काटा जागचा हलला नाही.

एवढी वर्षं मी गाड्यांचे काटे हलवायला धडपडलो. न हलणाऱ्या काट्याचा इतका आनंद पहिल्यांदाच झाला.

"अहो, पुरे झालं तपासणं," मास्तरांच्या सौ. आतून म्हणाल्या, "नाहीतर ओतलेलं इथेच संपवाल." गाडी हडपसरकडे निघून गेली.

मुलगी माझ्या भाजलेल्या बोटाकडे बघत होती. "मग उद्या किती वाजता उघडणार?"

"नऊला."

"अकरा करा अप्पा. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"साडेनऊ," मी म्हणालो.