भाऊ-भाऊ

चीन आपला भाऊ झाला ही बातमी जळोचीत आमच्या घरी वडिलांनी आणली. ते बारामतीच्या शाळेत मास्तर. पेपर शब्दन् शब्द वाचायचे आणि छापलेलं सगळं खरं मानायचे. ओट्यावर बसून त्यांनी आम्हाला समजावलं, की आता उत्तरेला कायमची शांतता.

तात्या, म्हणजे माझे चुलते, तंबाखू मळता मळता हसले. "भाऊ-भाऊ व्हय? मग बांध आलाच की मधी."

आमच्याकडं भाऊबंदकी काय चीज आहे ते पोरासोरांनाही ठाऊक. वाटण्या झाल्या, की दर नांगरटीला कुणीतरी बांध थोडा कोरतोच. शेजाऱ्याचं तोंड बघू नये, त्याची बैलजोडी बघावी, एवढंच तात्यांचं म्हणणं. वडील चिडले. बळी तो कान पिळी हा जनावरांचा न्याय, देशांचा नव्हे, म्हणाले. मला वडीलच पटले. शिकलेल्या माणसाचा भाबडेपणासुद्धा रुबाबदार दिसतो.

खरा प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा होता. त्याला फौजेत जायचं होतं आणि वडिलांच्या होकारावाचून अडलं होतं. तात्यांनी पोराला धाडू नका म्हणून निक्षून सांगितलं. आता लढाई होणारच नाही, पोरगं हिमालय बघून येईल, असं म्हणत वडिलांनी होकार दिला. आई आत रडत होती.

काही वर्षांनी उत्तरेच्या सरहद्दीवर गस्तीला गेलेली त्याची तुकडी परतली नाही. तार आली, तो आला नाही.

त्यानंतर वडील पेपर उघडून बसायचे, वाचायचे नाहीत. रस्त्यात कुणी कुणाला 'भाऊ' म्हणून हाक मारली तरी दचकायचे. संध्याकाळी दाराशी बूट वाजल्याचा भास झाला की आम्ही तिघंही मान वर करायचो आणि एकमेकांकडं बघणं टाळायचो. ते घर मला नकोसं झालं होतं.

एकदा वडील तात्यांना म्हणाले, की तुला चीन कळला, मला कळला नाही.

तात्यांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. "मला कुठला चीन ठावा, दादा? तुमी शाळंत असायचा तवा आपल्या मधला बांध मी कोरत व्हतो. माझ्याच मनाचं बोललो मी."

वडिलांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ते मला पहिल्यापासून माहीत होतं," ते म्हणाले. "भाऊ म्हणून सोडून दिलं."