सेवनेचं छप्पर कापलं त्याची गोष्ट

सेवनेच्या तोंडी लागू नये, असं आमच्या टुंड्रावर सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे! तिच्या वाट्याला जे आलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं, तर त्याचीही जीभ तिखट झाली असती. दुधाचे दात पडत होते तेव्हा हेलिकॉप्टर आलं आणि तिला उचलून निवासी शाळेत घेऊन गेलं. आईनं शिवलेला फरचा झगा तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी काढून घेतला, का तर म्हणे वास येतो. तो झगा पुन्हा कुणाला दिसला नाही. आपल्या भाषेत बोलली की कोपऱ्यात उभं राहायचं. लिहा-वाचायला शिकली, नाही असं नाही. पण शाळा सुटली तशी ती धावत आईकडे परत आली आणि हातात सुई घेतली. पुढे येसेकोशी लग्न झालं, लेक झाली, लेकीला लेकरू झालं, पण सुई काही सुटली नाही.

तिच्या जन्माची कमाई म्हणजे तिचा न्यूक. हिवाळ्यात आमच्या तंबूवर रेनडियरच्या कातड्यांचं जाड पांघरूण चढवतात, तो न्यूक. तो तिनं आणि तिच्या आईनं मिळून शिवला होता. कातडी खरवडता खरवडता म्हातारीची बोटं वाकडी झाली, आणि न्यूक पुरा झाला त्याच हिवाळ्यात ती गेली.

उन्हाळ्यात कळप घेऊन उत्तरेला समुद्राकडे जायचं, तर हिवाळ्याचं जड ओझं कशाला वाहायचं? ते घसरगाड्यांवर बांधून टेकडीवर ठेवायचं आणि परतताना उचलायचं. राखण नाही, कुलूप नाही. उपाशी माणूससुद्धा दुसऱ्याच्या गाडीची गाठ सोडत नाही.

त्या वर्षी परत आले तर गाडीच्या दोऱ्या कापलेल्या, न्यूक गायब! मातीत मोठ्या यंत्रगाडीचे रुंद पट्टे उमटले होते. डबक्यांवर बर्फाची साय धरू लागली होती. डोक्यावर तंबूचं उन्हाळ्याचं पातळ कापड, आणि आत लेकीचं तान्हं खोकून खोकून निळं पडत होतं.

"चल," सेवने नवऱ्याला म्हणाली.

"कुठं?"

"हे पट्टे जातात तिथं. कुठं म्हणून काय विचारतोस!"

पट्टे नदीकाठच्या संशोधन केंद्राशी जाऊन थांबले. गोठलेली जमीन भोकं पाडून तपासणारी शिकलेली मंडळी तिथं राहायची. प्रमुख अर्कादी बोरिसोविच स्वतः दाराशी आले. माणूस वाईट नव्हता, चहा घ्या म्हणाला. पण सेवनेचं लक्ष चहाकडे कुठलं? समोरच्या भिंतीवर तिचा न्यूक ताणून ठोकलेला होता. मधोमध भली मोठी पाटी. तिनं मोठ्यानं वाचली, "माळावर बेवारस सापडलेले. मालक बहुधा मृत."

"मृत कोण? मी?"

"अहो, रागावू नका. गाड्या तशाच पडलेल्या. आम्हाला वाटलं, कुणीतरी टाकून दिलंय."

"टाकून दिलंय? इतक्या गाठी मारून कोण टाकतं हो? तुमची यंत्रगाडी बाहेर उभी आहे, आत चिटपाखरू नाही. घेऊन जाऊ का मी?"

अर्कादी बोरिसोविच ओशाळले. त्यांनी स्वतः खिळे उपटले. न्यूक खाली आला आणि सेवनेच्या तोंडचं पाणी पळालं. पाटीमागं चांगलं हातभर चौकोनी भोक होतं.

"नमुना घेतलाय," ते पुटपुटले. "तपासायला शहरात पाठवलाय."

येसेको दोन पावलं मागे सरकला. आमच्यात माणूस गेलं की त्याचं सामान त्याच्याजवळ ठेवतात आणि प्रत्येक वस्तूला मुद्दाम भोक पाडतात. भोक पडलं की ती वस्तू मेलेल्याची. तिच्याखाली जित्या माणसानं झोपायचं नाही.

"सेवने, राहू दे," तो हळूच म्हणाला. "तो आता आपला नाही. घरात तान्हं लेकरू आहे."

हे तिला काय ठाऊक नव्हतं? ती गर्रकन वळली. संतापानं, दुसरं काय!

"आई गेली तेव्हा तिच्या किटलीला मी या हातांनी भोक पाडलं," ती अर्कादींवर कडाडली. "याला भोक पाडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? माझ्या घरात कोण मेलंय? सांगा ना! नाव घ्या!"

"मी... आम्ही नवी ताडपत्री देतो."

"ताडपत्रीत तुम्ही झोपा!"

खुंटीवर अर्कादींचा रेनडियरच्या कातड्याचा कोट लटकत होता. सेवनेनं तो ओढला, त्यांच्यापुढं टाकला आणि पिशवीतला सुरा वर ठेवला. "कापा. पाठीतून. माझ्या न्यूकच्या भोकाएवढा तुकडा."

"अहो, हिवाळ्याला माझ्याकडे दुसरा कोट नाही!"

"माझ्याकडे दुसरं घर आहे का?"

अर्कादी खाली बसले आणि कापू लागले. तुकडा हातात येताच सेवनेनं तिथंच फरशीवर न्यूक पसरला, बोटात अंगुस्तान चढवलं आणि रेनडियरच्या शिरेचा चिवट दोरा ओवला.

"हे चालतं का?" येसेकोनं विचारलं.

"मेलेल्याच्या सामानाला कुणी ठिगळ लावलेलं पाहिलंयस कधी? त्याचं फाटलेलं फाटकंच राहतं. मी हे शिवतेय, म्हणजे हे जित्याचं. पटत नसेल तर तू बाहेर झोप, लेकरू यात झोपेल."

येसेको गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कातड्याची कड ताणून धरली.

टाके घट्ट बसले. न्यूक रेनडियरच्या घसरगाडीवर चढला, गाठी येसेकोनं स्वतः मारल्या. अर्कादी बोरिसोविच भोकाचा कोट हातात धरून दारात आले. "आणि याचं काय करू?"

"लवकर शिवून घ्या. तसाच घालून फिरलात तर आमच्यातलं कुणी तुम्हाला दारात उभं करणार नाही. मेलेला माणूस आलाय म्हणतील."

अर्कादींचा चेहरा उतरला. "मग एक ठिगळ मिळेल का? आणि जरा सुई?"

"शहरात गेलाय ना माझा तुकडा," सेवने लगाम उचलत म्हणाली, "तो परत आला की लावा."